दाराला दोन माणसं

सुताराने मुलीच्या खोलीचं दार ढकललं. आतून कडी होती.

"दार खाली घासतंय. उतरवावं लागेल," तो बाहेरूनच म्हणाला.

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. सकाळी तिने त्याला एवढंच सांगितलं होतं, की आतली कडी तेवढी काढून टाका. सुट्टी लागली, तशा पोरीच्या मैत्रिणी पांगल्या आणि पोरगी खोलीत शिरली. ताटातलं ताटातच राहू लागलं. काल ती आईला म्हणाली होती, मी नसले तर कुणाचं काही अडणार नाही. आईने रात्र दाराबाहेर बसून काढली होती.

कडी सरकली. मुलगी दारात आली. तिच्या मागे पडदे ओढलेले होते.

"धर," सुतार म्हणाला. "दाराला दोन माणसं लागतात."

"तू एकटा बसवतोस. मी पाहिलंय."

"तेव्हा पाठ धड होती."

तिने दार धरलं. त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दोघांनी मिळून दार अंगणात नेलं आणि आडवं टेकवलं. उन्हाने तिने डोळे बारीक केले. सुतार दाराच्या खालच्या कडेवर रंधा फिरवू लागला.

"सुताराच्या घरचं दार आणि घासतंय," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकांना सांगू नकोस."

"सांगायला आहे कोण इथे?"

सुताराने रंधा थांबवला नाही, नुसता हात हळू केला. लाकडाच्या पातळ सुरळ्या तिच्या पायाशी पडत राहिल्या. तिने एक उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"बाबा, आईने तुला कडी काढायला सांगितलं ना?"

"हो."

"आणि दार घासत नव्हतंच."

"नव्हतं."

"मग सगळं दार कशाला काढलंस?"

सुताराने रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"कडी काढायला मी एकटा पुरलो असतो," तो म्हणाला.

मुलीने दाराची तिच्या बाजूची कड उचलली.

दार पुन्हा चौकटीत उभं राहिलं. ती एकेक स्क्रू हातात देत होती, तो आवळत होता. वरची बिजागरी झाली. मधली झाली.

"कडीही काढून टाक," ती म्हणाली. "आईला झोप लागत नाही."

त्याने कडी काढून खिशात टाकली आणि खालच्या बिजागरीसाठी गुडघ्यावर बसला. शेवटच्या स्क्रूसाठी त्याने हात पुढे केला. तिची मूठ मिटलेली होती.

"हा उद्या बसवू," ती म्हणाली.

काम अर्धवट ठेवून सुतार आजवर कुणाच्या घरून उठला नव्हता. त्याने बिजागरीतल्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि पेचकस पिशवीत ठेवला.