दापोलीचा दगड

आखातातल्या शर्क भागातल्या ऑफिसातले मॅनेजर मॅकफी ऑस्ट्रेलियाचे, मूळचे स्कॉटिश. त्यांचे खापरपणजोबा दापोलीच्या छावणीत वारले आणि बाकीचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. खापरपणजोबांचं थडगं शोधायचं काम मॅकफींनी आपल्या कारकुनाला, दापोलीच्याच नझीरला, सांगितलं होतं.

नझीरच्या भावाने रान साफ करून दगड शोधला, अक्षरांत खडू भरला आणि फोटो पाठवला.

मॅकफी पहिल्यांदाच नझीरच्या टेबलापाशी आले. "वडील आज-उद्याचे सोबती आहेत, नझीर. डोळे मिटण्याआधी त्यांना एकदा दाखवायचंय. फोटो पाठव लगेच."

नझीरने फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. गेल्या वर्षी त्याची आई गेली, तेव्हा त्याने रजेच्या अर्जाला मृत्यूच्या दाखल्याचा फोटो जोडला होता. मूळ प्रत हवी, म्हणून मॅकफींनी अर्ज परत केला. ती कुरियरने नवव्या दिवशी आली. तोवर आईच्या कबरीवरची माती सुकली होती.

"फोटो चालत नाही, साहेब," नझीर म्हणाला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने तो डिलीट केला. "मूळ दगड आणा."