चाळीस मिनिटं

जमिनीवर असेपर्यंत तिचा फोन दर पंधरा मिनिटांनी वाजायचा. "कुठे आहेस? सोबत कोण आहे? फोटो पाठव बघू," नवऱ्याचं आपलं सुरूच.

पाण्याखाली मात्र रेंज नव्हती. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पुरेल तेवढी चाळीस मिनिटं ती आणि तिची प्रवाळं. कुठलं पांढरं पडलंय, कुठलं अजून तग धरून आहे, ते रंगपट्टीशी ताडून पाटीवर टिपून घ्यायचं. कुणाचा जाच नाही.

पण आठवड्यातून एकदा डोकावून प्रवाळांचं दुखणं कसं कळणार? म्हणून दोन वर्षं साहेबांचं डोकं खाऊन तिने तिथे कॅमेरा बसवून घेतला. समुद्रतळाचं थेट चित्रण, ज्याला हवं त्याने घरबसल्या बघावं.

पहिल्याच दिवशी पाण्यातून बोटीवर आल्यावर तिने धास्तावत फोन पाहिला. एकही मिस्ड कॉल नाही! घरी जाईपर्यंत ती गुणगुणत होती.

दार नवऱ्यानेच उघडलं.



"कॅमेरा झकास आहे हं तुझा. फक्त त्या मोठ्या प्रवाळामागे सात मिनिटं दिसली नाहीस, तेव्हा काय करत होतीस?"