आभाळातून काढलेला फोटो

"माझं घर नक्की हेच का?" डेल्मर हॉस्किन्सनं विचारलं.

विम्याच्या बाईनं लॅपटॉप त्याच्याकडे आणखी वळवला. विमानातून काढलेला फोटो होता. काळा डोंगर, डोंगरावर राखाडी चौकोन, आणि त्याच्या कडेनं गेलेली रस्त्याची पांढरी रेघ.

"हेच, मिस्टर हॉस्किन्स. रस्त्याचं वळण जुळतंय, पत्ता जुळतोय. मला फार वाईट वाटतं."

"धुरामुळं तसं दिसत नसेल ना?"

"नाही."

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी भरपाईच्या कागदावर सही करणार नाही, शेली."

शेलीनं मान हलवली. हा म्हातारा रोज यायचा, तोच फोटो बघायचा, तेच विचारायचा आणि उठून जायचा. तिच्या टेबलासमोर दिवसभर अशीच माणसं बसत होती. पण इतकं चिवट कुणी नव्हतं.

वणव्यानंतर डोंगर अजून धुमसत होता. वरचा रस्ता बंद होता. गावातली माणसं जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये खाटा टाकून राहिली होती. बाहेर गाड्या लावायच्या जागेत विमा कंपन्यांनी तंबू ठोकले होते. डेल्मरच्या अंगात दानात आलेला कुठल्याशा कॉलेजचा स्वेटशर्ट होता, बाह्या कोपरापाशीच संपलेल्या.

"पदवी कधी घेतलीस रे?" शेजारच्या खाटेवरचा गस रोज विचारायचा.

"तू नापास झालास त्या वर्षी," डेल्मर म्हणायचा. पण हसायचा नाही.

गसचं घर खाली, डोंगराच्या पायथ्याला होतं. त्यानं पहिल्याच दिवशी सही केली होती.

"अरे, तुझं ते वरचं घर फुकट दिलं असतं तरी कुणी घेतलं नसतं," तो म्हणाला. "आणि तू त्याच्यासाठी झुरतोयस."

"तुला नाही कळायचं," डेल्मर म्हणाला. "एकेक फळी मी ठोकलीय. हिवाळ्यात पंप गोठला की पहाटे उठून त्याला शेकत बसायचो. छपरावर पाइनच्या सुया साचल्या की अजून मीच चढतो. या वयात. एक वर्ष चुकवलं नाही."

गसनं कूस बदलली.

डेल्मरच्या बायकोची, नेल्डाची, तर वेगळीच तऱ्हा. ती रडलीच नव्हती. आग लागली त्या दिवशी नाही, फोटो पाहिला तेव्हाही नाही. जेवायची, गसच्या बायकोबरोबर मैदानाला फेरी मारायची, आणि खाटेला पाठ टेकली की झोपायची.

"रड गं बाई, मोकळी हो," गसची बायको म्हणाली.

"रडू येतच नाही. झोप मात्र कशी लागते बघ," नेल्डा म्हणाली. "तिथं वरती जरा वारा सुटला की मी उठून बसायची. धूर येतोय का, हुंगत राहायची. इथं शेणाचा वास, आणि मी मेल्यासारखी झोपते."

गसच्या बायकोनं सगळ्यांना सांगितलं, धक्का बसलाय बिचारीला, तिच्याशी जपून बोला.

दुसऱ्या दिवशी शेलीनं दोघांनाही बसवलं.

"हे बघा, आज सही केलीत तर कंपनी हा फोटोच पुरावा धरते. भरपाई पूर्ण. रस्ता उघडायची वाट पाहिलीत, तर आधी पाहणी, मग घासाघीस. हिवाळा या शेडमध्येच जाईल. मी तुमच्या भल्याचं सांगतेय."

डेल्मर फोटोवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"पूर्ण गेलं? पुन्हा उभं करण्यासारखं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"शपथेवर सांगशील?"

शेलीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "शपथेवर."

त्यानं श्वास सोडला. खांदे खाली आले, जणू वर्षानुवर्षं उचलून धरलेलं काहीतरी कुणी काढून घेतलं. मग त्यानं सही केली. नेल्डानं त्याच्याखाली आपली केली. तिचा हात जराही हलला नाही.

"पुन्हा तिथंच बांधणार?" शेलीनं हळूच विचारलं.

डेल्मरनं नेल्डाकडे पाहिलं. "हिचा जीव आहे त्या डोंगरात."

"याला दुसरीकडे करमणार नाही," नेल्डा म्हणाली.

मग दोघंही जमिनीकडे बघत बसली. शेलीला डोळे पुसावे लागले.

भरपाई मंजूर झाल्याचा फोन आला, आणि त्याच आठवड्यात रस्ता उघडला. लोक हातमोजे, मास्क आणि चाळण्या घेऊन निघाले. राख चाळायची, एखादी अंगठी, एखादा कप मिळतो का बघायचं. गसनं दानात मिळालेली आपली चाळणी डेल्मरला दिली. पाठ थोपटली.

डेल्मरचा जुना पिकअप ट्रक डोंगर चढू लागला. गसचं घर गेलं होतं. त्याच्या वरचं गेलं होतं. चर्च गेलं होतं, चर्चची घंटा राखेत पालथी पडली होती. धुराडी तेवढी उभी होती, दारं नाहीत, भिंती नाहीत, नुसती धुराडी. पाइनच्या काळ्या काठ्या वाऱ्यात करकरत होत्या. नेल्डा हात मांडीत घेऊन बसली होती. डेल्मर शेवटच्या वळणाकडे बघत होता.

वळण आलं. रस्त्याच्या कडेला राखेचा राखाडी चौकोन होता. फोटोतला तोच, पण ते घर नव्हतं, खालचं कोठार होतं.

कोठाराच्या वर, आगीतून वाचलेल्या झाडांच्या दाट सावलीत, घर उभं होतं. फळीन् फळी जागेवर होती. एक काचसुद्धा तडकली नव्हती.

डेल्मरनं ब्रेक दाबला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नेल्डाच्या डोळ्यांना धार लागली.

"डेल्मर," ती घरावरची नजर न काढता म्हणाली, "गाडी वळव. मागून कुणी यायच्या आत."

त्यानं गिअर आधीच रिव्हर्सला टाकला होता.