बंद दाराची राखण

विश्रांती हे पवित्र कार्य आहे आणि ते आपोआप होत नाही, असं पास्टर लिंडो यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. त्यातला दुसरा भाग अगदी खरा होता. ते सगळं मिस इव्हॅडनीला करावं लागलं.

वास्तविक विश्रांती तिचीच होती. डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं होतं, की हे हृदय दमलंय, आता बाईंनी बसायला हवं. आमच्या चर्चमधल्या प्रत्येक लग्नाचा, बारशाचा आणि मयताचा भात तिच्या हातचा. सगळे हादरले. तिच्यासाठी म्हणून डोंगरातल्या एका गेस्ट हाऊसवर प्रार्थना आणि विश्रांतीचा शनिवार-रविवार ठरला. तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून सगळेच निघाले.

तेव्हापासून तिच्या फाटकाला उसंत नव्हती. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की फाटकाशी उभं राहून "कुत्रं धरा!" असं ओरडतात. मिस इव्हॅडनीचं कुत्रं केव्हाच मेलं होतं. पण शिष्टाचार तो शिष्टाचार.

"कुत्रं धरा! इव्हॅडनी, वर थंडी असते म्हणे. तुझ्याकडे जास्तीची ब्लँकेटं असतीलच!"

"कुत्रं धरा! मिस इव्ही, पास्टरांचा झगा उसवलाय. तुमची विश्रांती सुरू व्हायच्या आत जरा टाके घालता का?"

तिनं टाके घातले. ब्लँकेटं उन्हात टाकली. गेस्ट हाऊसवर तिन्ही वेळच्या जेवणाची सोय होती, पण वाटेल त्याच्या हातचं खाऊ नये ही आमच्याकडची अकरावी आज्ञा आहे, आणि बायबलातल्या दहांपेक्षा ती जास्त पाळली जाते.

"तिथला स्वयंपाकी कोण, कुठला, त्याची नखं कशी, कुणी पाहिलंय?" सिस्टर डोरेट म्हणाली. डोरेट ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून स्पष्ट बोलायची. "तू आपली थोडं काहीतरी कर. बोकडाचं कालवण, नारळाच्या दुधातला राजम्याचा भात. मासे तळलेस तर बघ. पण दगदग नको हं."

निघायच्या आदल्या दिवशी पास्टर आले तेव्हा ती कांदे चिरत होती. ते कळवळले.

"सिस्टर, वादळात खुद्द प्रभूसुद्धा नावेत झोपले होते."

"हो ना," मिस इव्हॅडनी म्हणाली. "पण वल्ही दुसरं कुणीतरी मारत होतं, पास्टर."

पास्टर मनापासून हसले. हे प्रवचनात घेतलंच पाहिजे म्हणाले, आणि कालवणाची चव बघून गेले.

शनिवारी सकाळी दोन गाड्या लागल्या. पातेल्यांवर फडकी आवळून तिनं स्वतः गाठी मारल्या. त्या गाठी तिच्या आईनं शिकवलेल्या. तिच्या परवानगीशिवाय त्या सोडायची हिंमत साऱ्या पंचक्रोशीत कुणाची नव्हती. कोण कुठे बसणार, कुणाला वळणांवर उलटी होते, हे तिनंच ठरवलं. पहिल्या गाडीत आपली पर्स ठेवली आणि गॅस बंद आहे का ते पाहायला आत गेली.

पहिल्या गाडीतल्यांना वाटलं, ती दुसऱ्या गाडीत बसली. दुसऱ्या गाडीतल्यांनी तिची पर्स पहिल्या गाडीत पाहिलीच होती.

ती बाहेर आली तेव्हा गाड्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. तिथे बकऱ्या आडव्या आल्या म्हणून त्या थांबल्या. मिस इव्हॅडनी गायकवृंदात माइकशिवाय गाते. तिनं एक हाक मारली असती, तर गाड्याच काय, बकऱ्याही मागे फिरल्या असत्या.

तिनं श्वास भरून घेतला. तोंड उघडलं.

मग मिटलं. बकऱ्या सावकाश पार झाल्या. गाड्याही गेल्या.

तिनं फाटक लावलं. डोक्यावरची पांढरी टोपी खुंटीला अडकवली, बूट काढले आणि पडवीतल्या खुर्चीत बसली. "कुत्रं धरा" म्हणून ओरडणारे सगळे डोंगरावर गेले होते. झाडावरून आंबा पडला, तो तिला ऐकू आला. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. पाव आणि चीज खाल्लं, आंबे खाल्ले आणि दिवसाउजेडी, कूस बदलत, लाज न बाळगता झोपली.

रविवारी संध्याकाळी डोरेट पर्स आणि पातेली घेऊन आली. पातेली जड होती. गाठी जशाच्या तशा होत्या.

"माझ्या आधी पोचलीस का? दुसरी गाडी जोरात हाणली वाटतं टॉमलिन ड्रायव्हरनं," डोरेट म्हणाली. मग तिनं मैत्रिणीकडे नीट पाहिलं. "अगं, चेहरा बघ तुझा! म्हातारी गेली आणि पोरगी आली. डोंगराची हवा!"

"असेल," मिस इव्हॅडनी म्हणाली.

"हवेचं काय, श्रेय माझं. पोचतो तर तुझ्या खोलीचं दार बंद. म्हटलं, पडली एकदाची. तिथेच खुर्ची टाकून बसले. कुणाला दार वाजवू दिलं नाही. पोरं चवड्यांवर चालली. पास्टरांनी कुजबुजत प्रवचन केलं, म्हणून लवकर संपलं. तुझ्या गाठी सोडायच्या कुणी? तिथलंच खाल्लं. मेलं नाही कुणी. निघताना पातेली गाडीत ठेवून येते तर खोली रिकामी, अंथरूण आवरलेलं; म्हटलं, जाऊन बसलीस दुसऱ्या गाडीत." तिनं पर्स मैत्रिणीच्या हातात दिली. "जन्मभर तू आमचं केलंस, इव्हॅडनी. एकदा तरी आम्ही तुझं केलं."

मिस इव्हॅडनीनं तिचा हात हातात घेतला. "कळलं मला," ती म्हणाली. "फार शांत होतं."

"आणि जेवलीसही व्यवस्थित. माझा जरा डोळा लागला, की दाराशी ठेवलेलं प्रत्येक ताट चाटूनपुसून रिकामं."

मिस इव्हॅडनीनं पर्स खुंटीला अडकवली.

"डोरेट, तिथे मांजर आहे का गं?"

"आहेत की दोन," डोरेट म्हणाली. "चांगली गलेलठ्ठ."