चित्राची भिंतीकडची बाजू

"सायबानू, अर्धी कथा तुम्ही भिंतीक सांगलास काय हो?" चौकटीच्या काचेवर टिचकी मारत आत्माराम म्हणाले. चित्रे दाखवत कथा सांगणारे हे चित्रकथी वर्धापनदिनासाठी पिंगुळीहून आले होते.

ओगल्यांचा चेहरा उतरला. व्हिएन्नात भारतीय कलाकेंद्र स्थापन झाले, तेव्हा रामायणाची ही बारा पाने त्यांनीच काटेकोर मापे घेऊन चौकटींत बसवली होती. चाळीस वर्षे केंद्राची कीर्ती त्यांवरच उभी होती. प्रत्येक पानाच्या पाठीवर कथेतले पुढचे चित्र असते, हे त्यांना आज प्रथमच कळत होते.

वर्धापनदिनाचे पाहुणे दाराशी जमले होते. ओगल्यांनी चौकटीचे स्क्रू काढले. मागच्या पुठ्ठ्याला सरस लावला होता की नाही, काही केल्या आठवेना. लावला असेल, तर मागचे चित्र सोलूनच निघणार!

"सावकाश हां, सायबानू!"

पुठ्ठा अलगद सुटला. पुढची, अशोकवनात रडणारी सीता उजेडाने फिकट झाली होती. मागे अंगठी घेऊन आलेला मारुती नुकताच रंगवल्यासारखा लखलखत होता.

केंद्राच्या सचिव धावत आल्या. "काका, पाहुणे आले! चौकट लावा ना!"

"उरलेल्या अकराही उतरवा," ओगले म्हणाले, "आणि खुर्च्या काढा. आज सर्वांनी खाली बसून ऐकायचं."