भात्याला कळतं

उकंडा लोहाराने जळालेलं पोलाद सांडशीत धरलं आणि रागाने अंगणात भिरकावलं. सकाळपासूनचा हा दुसरा तुकडा. तीन कुऱ्हाडींच्या धारेला बसवायला बबनराव पाटलाने तीनच तुकडे दिले होते. लढाईचे दिवस होते, पोलाद बघायलाही मिळत नव्हतं. कारंज्यात एका मोडक्या मोटारीचा कमानपाटा तोडून पाटलाने ते आणले होते. वाया गेले तर गावचं सगळं काम मालेगावच्या लोहाराला देईन, असं त्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. आता एकच तुकडा उरला होता.

"म्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं," उकंडा ओरडला. "हे डबडं माह्या भट्टीत नको म्हनून."

ऐकायला समोर फक्त खेमा होता, पाटलाचा सालगडी. तो डबड्याची मूठ धरून बसला होता.

डबडं म्हणजे हवेचा पंखा. आठ दिवसांपूर्वी पाटलाने तो अकोल्याहून आणला. पत्र्याचं गोल पोट, भट्टीत जाणारी नळी आणि बाजूला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की वारा. भाता ओढायची कटकट नको. कुऱ्हाडी यावरच झाल्या पाहिजेत असा पाटलाचा हट्ट होता, आणि मूठ फिरवायला त्याने आपला खेमाही दिला होता.

मेडशीतल्या एकाही कारागिराला ते पटलं नव्हतं. जगदेव सुतार येऊन बघून गेला आणि म्हणाला, "उकंडा, याच्यापुढं पापड वायत घाल." जगदेवचा राग जुना होता. कारंज्याच्या बाजारात एका फेरीवाल्याने त्याच्या गळ्यात पाच कामांचा हातोडा मारला होता. खिळा ठोका, खिळा उपटा, पेच फिरवा, अजून काय काय करा. पहिल्याच खिळ्याला हातोड्याची मान मोडली. तेव्हापासून नव्या हत्याराचं नाव निघालं की जगदेव थुंकायचा.

उकंड्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्याकडे आजाच्या वेळचा भाता होता, म्हशीच्या कातड्याचा. तो कुणालाही सांगायचा, "भात्याले लोखंड कळते. लाल असलं तं जोरात फुकते, पिवळं झालं का आपसूक हळू होते. या डबड्याले काय कळते?" आणि हे तो उगाच बोलत नव्हता. पोलाद लोखंडाच्या आधी जळतं, वारा वेळेवर कमी झाला नाही की संपलं. पण तेवीस वर्षांत त्याच्या भट्टीत पोलादाचा एक तुकडा जळाला नव्हता. दसऱ्याला तो ऐरणीच्याही आधी भात्याला कुंकू लावायचा आणि नारळ त्याच्यापुढेच फोडायचा.

त्या भात्याची दोरी त्याची बायको तुळसाबाई ओढायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. पंखा आला त्या दिवशी उकंडा तिला खेमाच्या देखत म्हणाला, "तू आता घरी बस. दोरी ओढाचंच तं काम होतं तुह्यं." हातातली दोरी तिने खुंटीला अडकवली आणि निघून गेली. आठ दिवस ती भट्टीच्या छपराखाली आली नव्हती. आज अंगणात बसून तूर पाखडत होती. दुसरा जळका तुकडा तिच्या सुपाजवळ येऊन पडला, तेव्हाही तिने मान वर केली नाही.

आता तिसरी कुऱ्हाड भट्टीत होती. धारेत शेवटचा तुकडा बसवलेला. खेमा मूठ फिरवायला लागला, कडबा कापायच्या यंत्रासारखी, गरगर.

"सोड ते!" उकंड्याने पंख्याला लाथ घातली. पंखा नुसता वाजला. "भात्यावरच करतो मी. धर दोरी."

"मले भाता ओढता येत नाई, मिस्त्री."

उकंड्याचं टाळकं सरकलं. पाटलावर, पंख्यावर, खेमावर, सगळ्यांवर. तो अंगणाकडे वळून ओरडला, "ये वं! भाता ओढ!"

तुळसाबाईने सूप खाली ठेवलं. आली. भात्याची दोरी खुंटीला तशीच होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. खेमाला हाताने बाजूला केलं आणि ती पंख्यापुढे बसली.

"तो नाई! भाता म्हनलं ना तुले!"

"लोखंड तापून राह्यलं," ती म्हणाली. "तुमी तिकडं ध्यान द्या."

भांडायला वेळ नव्हता. तुळसाबाईने मूठ धरली. तिची नजर मुठीवर नव्हती, विस्तवावर होती. लोखंड लाल होतं तोवर तिने मूठ भराभर फिरवली. केशरी झालं तसा हात सैल केला. पिवळं चढलं तेव्हा मूठ जेमतेम हलत होती. पोलाद जळायची एकही ठिणगी उडाली नाही.

"काढा," ती म्हणाली.

हा शब्द त्या भट्टीत नेहमीच बोलला जायचा. उकंड्याने तो आज पहिल्यांदा ऐकला.

त्याने कुऱ्हाड ऐरणीवर घेतली. खेमाने घण उचलला. आठ-दहा घावांत पोलाद आणि लोखंड एक झालं. उकंड्याने धार उजेडात धरून उलटसुलट पाहिली. सांधा कुठे सापडेना. मग त्याने पंख्याकडे पाहिलं, मग भात्याकडे. भात्यावर दसऱ्याचं कुंकू वाळून बसलं होतं.

तुळसाबाई उठली. लुगड्यावरची राख झटकली आणि सुपाकडे निघाली. छपराच्या कडेला थांबली, पण वळली नाही.

"इचारा आता तुमच्या भात्याले," ती म्हणाली, "लोखंड कोनाले कळते ते."