दोघांची तपासणी

“आधी दोघांची रक्ततपासणी, मग अक्षता,” असं म्हणत सिद्धेश्वरीनं चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला.

कुणीच कप उचलला नाही. तिच्या वडिलांना, रुद्रप्पांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. साखरपुडा झाला होता, कार्यालय ठरलं होतं. मुलाकडची माणसं आज फक्त पत्रिकेचा मजकूर पक्का करायला आली होती.

नवरा मुलगा गुरुशांत हसला. सात रस्ता चौकात त्याचं मोबाईलचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो सगळ्यांशीच गोड बोलायचा.

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे की. म्हणून तर माझं रक्त आधी देते. आमच्या कॉलनीतल्या रेश्मा डॉक्टरांकडे शनिवारी लग्नाआधीची तपासणी असते. दोघं जाऊ.”

“आमच्या पोरात खोट काढती काय गं?” मुलाचे काका चनबसप्पा खुर्चीत पुढं सरकले.

“खोट कुठं काढली, काका? दोघांची म्हणाले मी.”

“हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?” रुद्रप्पांनी विचारलं.

“आठवीच्या वर्गाला मीच शिकवते, अप्पा, रक्तातून कुठले आजार पसरतात ते. पोरांना शिकवायचं आणि स्वतःच्या लग्नात गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.”

गुरुशांतची आई ईरम्मा भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातली बाई, चारचौघांत फारशी बोलायची नाही. मागच्याच आठवड्यात त्या एकट्या येऊन सुनेच्या झंपराचं माप घेऊन गेल्या होत्या. तेव्हा सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. आता त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होत्या.

रुद्रप्पा उठले आणि त्यांनी चनबसप्पांपुढं हात जोडले.

“आईविना वाढलेली पोर आहे. बोलून गेली. तिचे शब्द मी मागे घेतो. तपासणी नको, काही नको. ठरल्या तारखेला लग्न होऊ द्या.”

“अप्पा, मी मागे घेतलेले नाहीत.”

“तू आत जा.”

सिद्धेश्वरी जागची हलली नाही. पण खोलीतला ताण सैल झाला होता. चनबसप्पांनी कप उचलला. गुरुशांत म्हणाला, “जाऊ द्या हो अप्पा. तुमचा मान ठेवून मी विसरलो. माझ्याकडून विषय संपला.”

“माझ्याकडून न्हाय संपला,” ईरम्मा म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या होत्या.

“अव्वा, त्यांनी माफी मागितलीय की,” गुरुशांत आईला म्हणाला.

“बापानं मागितली. पोरगी तर अजून तशीच हुबी हाय. असली सून मला नको. ऊठ.”

“अगं, पण—”

“ऊठ म्हटलं की तुला.”

चनबसप्पांनी समजावून पाहिलं. रुद्रप्पा दारापर्यंत मागे गेले. ईरम्मांनी साखरपुड्याची अंगठी मुलाच्या बोटातून स्वतः काढली, टीपॉयवर ठेवली आणि चपला घातल्या. कुणाकडेही न बघता त्या जिना उतरल्या.

लग्न मोडल्याची बातमी जुळे सोलापुरात पसरायला वेळ लागला नाही. भाजीच्या गाडीपाशी बायका सिद्धेश्वरीला बघून बोलायच्या थांबत. शाळेत एकीनं विचारलं, “तुलाच काही आहे का गं? म्हणून आधीच हात वर केलेस?” रुद्रप्पा घरात तिच्याशी बोलेनासे झाले. जेवायला बसले तरी ताट स्वतःच वाढून घ्यायचे.

शनिवारी तिनं गाडी काढली.

“आता कुठं?” त्यांनी न राहवून विचारलं.

“तपासणीला. मी जाणार म्हणाले होते.”

“लग्न मोडलं की गं बाई.”

“तपासणी कुठं मोडलीय?”

दवाखान्यात गर्दी होती. कुणी शुगरला आलेलं, कुणी बाळाच्या लसीला. रेश्मा डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि हळूच म्हणाल्या, “कानावर आलं. शनिवारी इथं एकटंच यायचं म्हणजे धीर लागतो.”

“डॉक्टर, समजा एखाद्याच्या तपासणीत काही निघालं, तर त्यानं लग्न करूच नये का?”

“करावं की. आता औषधं आहेत. जोडीदाराला सांगून केलं तर संसार नीट होतो, मुलंबाळंही होतात. लपवून केलं तर घात होतो. पण मी कुणाचं कुणाला सांगू शकत नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.”

दंडावर कापूस दाबून सिद्धेश्वरी बाहेरच्या बाकावर बसली. तेवढ्यात दारात ईरम्मा दिसल्या. बाकावरच्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. काउंटरवरची नर्स लिहायची थांबली. आता इथंच तमाशा होणार असं सगळ्यांनाच वाटलं. सिद्धेश्वरी उभी राहिली.

ईरम्मा जवळ आल्या. उन्हातून चालून त्यांना धाप लागली होती.

“बस,” त्या म्हणाल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. “बाप बोलतो का तुझ्याशी?”

“नाही.”

“बोलंल. येळ लागंल, पन बोलंल.”

आतून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. एक बाई बाळाला घेऊन उठली, आणि बाकीच्यांचं लक्ष तिकडे गेलं. ईरम्मांनी सिद्धेश्वरीचा हात हातात घेतला आणि आवाज अगदी खाली आणला.

“मापाला आले व्हते तवा म्या सांगितलं तसंच बोललीस. माझ्या पोराच्या रोगाचं बिंग कुटं फोडलं न्हाईस, लई उपकार झाले. पन तुझ्या बापानं हात जोडले न्हवं, तवा माझा जीवच गेला बघ. म्हटलं, आता हे लगीन होतंय की काय.”